एकच रेघ

हजेरीपटात चूक झाली तर
खोडरबर चालत नाही, पांढरा रंग चालत नाही.
आकड्यावर आडवी एकच रेघ, लाल,
बाजूला आखूड सही.
खालचा चुकीचा आकडा
वाचता आला पाहिजे, असा नियम आहे.
अकरा वर्षं शारजात टाइमकीपर आहे मी,
कॅम्पच्या वस्तीचं नाव सजा, पण पगार वेळेवर.
नियमाचा अर्थ मला कळला
तो गंगाराम भुवडमुळं.

तो रात्रीच्या रात्री गेला.
घरी चुलीपाशी पोरगी भाजली होती.
पासपोर्ट, तिकीट, एक पिशवी.
पहाटे साडेतीनला न्हाणीच्या रांगेत
टॉवेल खांद्यावर टाकून मी एवढंच म्हटलं,
"गंगाराम गेला. आणि भिशी?"

शेवटी प्रश्नचिन्ह होतं, शपथेवर सांगतो.
ते ओल्या फरशीवर कुठं निसटलं
कुणाला कळलं नाही.
बसमध्ये चढेपर्यंत वाक्य सरळ झालं होतं:
गंगाराम भिशी घेऊन गेला.

दुपारी परांचीच्या सावलीत खुबूस मोडता मोडता
अकरा हजार चारशेचे वीस हजार झाले.
कुंजुमोननं ते मल्याळीत ढवळलं,
गुलजमाननं पश्तूत क्रेनवर चढवलं,
हिंदीत ते तीन कॅम्प हिंडून आलं,
आणि कुणीतरी, बहुतेक आमच्याच खोलीतल्यानं,
फोनमध्ये आवाज भरून गावाला धाडलं.
गंगाराम पनवेलला एसटीची वाट बघत होता
तेव्हा गुहागरात वाण्यानं
त्याच्या बायकोची उधारीची वही मिटली.

चौथ्या दिवशी दाऊद परकार हमरियाहून आला.
तिकडं रात्रपाळीला होता, फोन फुटलेला.
बनियनच्या आतून पाकीट काढलं,
मेसच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, एकेक नोट मोजली.
अकरा हजार चारशे.
"विमानतळाला जाताना वाकडी वाट करून
फाटकावर माझ्या हातात देऊन गेला."
लोकांनी पाहिलं. "असं का," म्हणाले,
आणि आमटी संपेल म्हणून रांगेकडे वळले.

मग मी खोल्याखोल्यांतून सांगत फिरलो.
आधीचं ऐकताना ज्यांनी चहा थंड होऊ दिला होता
ते आता ऐकताना नखं कापत होते.
खबर चार भाषा शिकली होती,
खुलाशाला एकच येत होती, तीही अडखळत.
अनंता गोताड म्हणाला,
"एवढा गवगवा झाल्यावर कोण परत नाही करणार?"
म्हणजे परकारनं मोजलेली नोट न् नोट
पुराव्यातच जमा झाली, दुसऱ्या बाजूच्या.
लियाकत समजूतदार. तो म्हणाला,
"जाऊ दे ना, माणूस तसा चांगला आहे."
त्या 'तसा'वर रेघ कशी मारायची?

आम्ही सगळी पैसे पाठवणारी माणसं.
आपला घाम कुणीतरी घेऊन जाईल
ही भीती प्रत्येकाच्या उशाशी
आधीपासूनच पथारी टाकून होती, बिननावाची.
मी तिला नाव दिलं. आडनाव दिलं.
आता ते परत कसं मागू?

चाळीस दिवसांनी तो आला.
पोरगी बरी आहे, हात जरा आखडलाय, म्हणाला.
आमसुलं वाटली, कुळथाचं पीठ वाटलं.
सगळ्यांनी मिठ्या मारल्या.
भिशीचा डबा मात्र हल्ली माझ्याकडे असतो,
हे कधी ठरलं, कुणालाच आठवत नाही.

पगाराच्या रात्री त्यानं हप्ता आणला, सहाशे.
खरं काय ते या कॅम्पात
माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?
मी नोटा मोजल्या.
मग पुन्हा मोजल्या.

एसीचं पाणी कापलेल्या बाटलीत
थेंब थेंब पडत होतं. तो तिकडे बघत उभा.
"बरोबर आहेत," मी म्हटलं.
"आणखी एकदा मोज," तो म्हणाला,
"मी थांबतो."